आत्याची भरली जुडी

माझ्या पदवीच्या कागदावर नाव माझं असलं, तरी मला शिकवलं ते माझ्या आत्यानं, गयाबाईनं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. रेणापूरजवळच्या तिच्या घरी राहून मी दहावी झालो, पुढं नांदेडला शिकलो आणि तिथंच नोकरीला लागलो. काही आठवड्यांपूर्वी तिच्या मुलाचा, दिलीपचा, फोन आला. "दादा, माय गेली..." मागं विहिरीवरची मोटार ऐकू येत होती. मेथीला पाणी चालू होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

विहिरीलगतचं अर्धा एकर रान आत्या दर हिवाळ्यात भाजीला ठेवायची. दिलीपला तिथं ऊस हवा होता. "माय, ऊस लावला की रोज वाकायला नको. भाजीपायी कंबर मोडून राहिली तुझी," तो म्हणायचा. "उसाचा पैसा तू बघतूस बाबा, मला कुठं दिसतोय? भाजीचा माझ्या पदरात पडतोय," ती म्हणायची. भाजी परवडते हे दाखवता आलं नाही तर ते रान जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि परवडत नव्हती... आमचं भांडण व्हायचं ते जुडीवरून. आत्याची मेथीची जुडी दोन्ही हातांत मावेल एवढी. लातूरच्या बाजारात हर्रासाची बोली संपली की किरकोळ विकणारा तिच्यासमोरच जुडी सोडायचा आणि एकीच्या दोन बांधायचा. मी चिडायचो. "करू दे," ती म्हणायची, "चिमूटभर जुडी बांधायला मी काय औषध इकून राहिले का?" एका हिवाळ्यात मी हट्टानं तिला बारीक जुड्या बांधायला लावल्या. अडत्यानं एक उचलून सगळ्यांना दाखवली. "मावशी, यंदा मेथी आजारी हाय का?" सगळे हसले आणि भाव निम्म्यावर आला. जाड बांधली तरी तोटा, बारीक बांधली तरी तोटा. त्यात एका साली मेथीला भाव मिळाला की पुढच्या साली सगळं गाव मेथीच टाकणार, आणि सगळ्यांची मेथी एकाच सकाळी बाजारात. थोड्या रानात भाजीपाला कसा फायद्याचा, यावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. दिवसभर ओणवं राहून मेथी उपटणाऱ्या बाईची मजुरी त्यात कधी आली नाही. आत्याही ती धरत नसे.

शेवटी म्हटलं, मधला माणूसच नको. गेल्या हिवाळ्यात आत्या पोती घेऊन एसटीनं नांदेडला आली आणि आमच्या कॉलनीत विकायला बसली. माझ्याच ऑफिसातले एक साहेब जुडी घेऊन म्हणाले, "बाई, यावर थोडी कोथिंबीर द्या की." ती दिली, तर हिरव्या मिरच्याही मागितल्या. हेच गृहस्थ हॉटेलात बिल न बघता पैसे देतात. माझं डोकं फिरलं. आत्या मात्र घरी येऊन हसत सुटली. "तुझे सायब लोक तर अडत्याचे सासरे निघाले रं!" एसटीचं भाडं आणि मालाचं तिकीट वजा जाता हातात काही उरलं नाही. ती पुन्हा आली नाही.

भाजी परवडते हे दाखवायला दिलीपनं तिला यंदाचा हा एकच हिवाळा दिला होता. परवा गेलो तेव्हा मेथी फुलावर आली होती आणि उसासाठी सऱ्या पाडायचं बोलणं चाललं होतं. ऊस लावू नका, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

तिला फोनवर नीट ऐकू यायचं नाही, म्हणून मी पत्र लिहायचो आणि नात वाचून दाखवायची. शेवटचं पत्र आत्यानं दोनदा वाचून घेतलं म्हणे, पण उत्तर धाडायच्या आतच ती गेली. ते असं होतं:

"आत्या, नमस्कार. मेथी वीतभर झाली असं दिलीप म्हणाला. जुडी तुला पाहिजे तेवढीच बांध, मी आता काही म्हणणार नाही. कॉलनीतल्या चार घरांशी बोललोय. ते घासाघीस करणार नाहीत आणि वर काही मागणार नाहीत. न्यायला मी स्वतः येतो. त्यांनी भाव विचारला, तो मी सांगितला नाही. इतकी वर्षं तू भाजी विकलीस, पण भाव दरवेळी दुसऱ्यानंच बोलला. यंदा तू बोल. तुझी जुडी तू कितीला देणार, ते कळव."