नव्व्याण्णव म्हणजे उत्तर नाही

अकरा वर्षं एकाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवूनही बाई हंगामीच होत्या. सत्र संपलं की नारळ, सुरू झालं की पुन्हा अर्ज. मुलं त्यांना मागून 'पाहुण्या बाई' म्हणायची, आणि कार्ट्यांचं काही खोटं नव्हतं. आता कुठे एक कायम जागा निघाली होती. मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती, आणि बाईंच्या पदरात दाखवण्यासारखं एकच होतं: एक शोधनिबंध.

निबंध छोट्या दुकानांवरचा. चारशे बारा दुकानं बाईंनी पायी पालथी घातली. आठवड्याला किती तास दुकान उघडं ठेवता, हे प्रत्येकाला विचारलं. तीन वर्षांनी पुन्हा जाऊन कुठलं टिकलं, कुठलं बुडालं ते बघितलं. निष्कर्ष निघाला की जो जास्त तास राबतो त्याचं दुकान टिकतं. लोकांना फार आवडला. कष्टाचं चीज होतं हे ऐकायला कोणाला नको असतं हो!

प्रश्नावल्या संगणकात भरल्या त्या बाईंच्या यजमानांनी. त्यांनी छापखान्यात तेवीस वर्षं मुद्रितं तपासली होती, एक अनुस्वार म्हणून नजरेतून सुटायचा नाही. छापखाना बंद पडला आणि माणूस भिंतीकडे बघत बसला. बाईंनी पुढ्यात गठ्ठा ठेवला तेव्हा कुठे ते पुन्हा रोज दाढी करायला लागले. निबंधाच्या शेवटी 'नोंद' या शब्दापुढे त्यांचं नाव छापून आलं. ते पान आल्यागेल्याला दाखवून झालं. मग इतर प्राध्यापकही आपले गठ्ठे त्यांच्याकडे द्यायला लागले.

मुलाखतीच्या अर्जात या वेळी एक नवा रकाना होता: तुमचं संशोधन खुलं आहे का? म्हणजे आकडे, प्रश्नावली, गणिताच्या पायऱ्या, सगळं नेटवर ठेवायचं. कोणीही उघडावं, पुन्हा करून बघावं. स्टाफरूममध्ये हसू पिकलं. वाणिज्यचे सर म्हणाले, "अहो बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडताय कशाला?" पण बाईंना ते मनापासून पटलं होतं. रकान्यात 'हो' लिहून त्यांनी अर्ज देऊन टाकला. खुल्या संशोधनावरच्या एका कार्यशाळेत सांगितलं होतं तशी लहान सुरुवात करायची: एक निबंध, एक फोल्डर, आणि परक्या माणसालाही कळेल अशी एक चिठ्ठी. बाई चिठ्ठी लिहायला बसल्या. हा रकाना दुकानाच्या तासांचा. इथे ९९ असेल तर दुकानदाराने उत्तर दिलं नाही.

आणि हात थांबला.

दुकानदार बोलला नाही तर ९९ घाला, हे यजमानांना त्यांनीच शिकवलं होतं. गणिताआधी ते नव्व्याण्णव काढून टाकायचे असतात. बाईंनी काढलेच नव्हते! एकसष्ट जण नव्व्याण्णव तास राबणारे म्हणून गणितात शिरले होते. रोज चौदा तास उघडी दुकानं असतातच की, म्हणून कोणाला खटकलंही नाही. आणि न बोलणारे होते कोण? बडी धेंडं. नोकर लावून गल्ल्यावर ऐटीत बसणारे, "वेळ नाही बाई" म्हणून वाटेला लावणारे. ते टिकणारच होते. त्यांना वगळून बाईंनी गणित पुन्हा केलं, तर निष्कर्षच उरला नाही. खरंच मरमर राबणारे टिकलेही होते आणि बुडालेही होते. कष्टाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लोटलं.

"फोल्डर नाही ठेवला तर?"

"अर्जात हो लिहिलंय सर. विचारतील."

"मग दुरुस्ती द्या. पण खापर आपल्या डोक्यावर फोडून घेऊ नका. गणित चुकलं म्हणालात तर समिती विचारेल, ह्या शिकवणार काय? नोंद करताना चुकलं म्हणा. नोंद करणाऱ्याचं काय जातंय?"

"नोंद करणारे आमचे हेच आहेत."

"मग तर घरचाच मामला," सर म्हणाले.

बाईंनी लिहिलं: 'नोंद करताना झालेल्या चुकीमुळे हा निष्कर्ष मागे घेत आहे.' लिहिताना स्वतःची शिसारी आली, तरी लिहिलं. अकरा वर्षं फार असतात. समितीने प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक केलं, आणि जागा बाईंना मिळाली.

वाणिज्यचे सर घरी येऊन आपला गठ्ठा परत घेऊन गेले. "राहू द्या, बघतो मी दुसरीकडे," म्हणाले. मग यजमानांनी दुरुस्ती उघडून वाचली. खुलीच होती ती, कोणीही वाचावी. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "कबूल केलंस ते बरं केलंस. मी आधी सांगायला हवं होतं, माझा हात कच्चा आहे म्हणून." बाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण तोंडातून निघालं, "होतं असं कधीकधी."

दुसऱ्या दिवसापासून यजमान प्रश्नावल्या काढून बसले. ओळीखाली पट्टी धरायची, एकदा कागदावर बघायचं, एकदा पडद्यावर. असे नऊ दिवस गेले. बाई कॉलेजातून यायच्या, बघायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या.

रविवारी दुपारी बाई कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा ते हातात यादी घेऊन बाहेर आले.

"अगं, चारशे बाराच्या चारशे बारा बरोबर आहेत. नव्व्याण्णवसुद्धा तू सांगितलंस तिथेच घातलेत, एकसष्ट. मग चुकलं कुठे?"

बाईंच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. एक वाक्य बोलायचं होतं, बस. ऐकणारा एकच माणूस होता आणि तो त्यांचाच होता.

"सुटलं असेल काहीतरी तुमच्या नजरेतून," बाई म्हणाल्या.

त्यांनी यादीकडे बघितलं, मग बाईंकडे.

"असेल. हल्ली दिसत नाही मला नीट," ते म्हणाले, आणि आत जाऊन पहिल्या प्रश्नावलीपासून पुन्हा तपासायला बसले.