विटेचा शेक आणि अब्बांची पोटरी

"पोटरी कोणी चोळली का?" यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "चोळणारे चाचा शुक्रवारी येणार होते."

"नशीब. आज गुरुवार आहे."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. डीव्हीटी, डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गाठ. ती सुटून फुप्फुसात गेली, तर माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. अब्बांची गाठ गुडघ्याच्या वर पोचली होती.

अब्बा कळंबला पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की दुकानात मोटारींची रांग लागते. डावा पाय दुमडून पाटावर बसायचं आणि तांब्याची तार गुंडाळत राहायचं. यंदा ते जेवायलाही उठत नव्हते. मग तोच पाय सुजला. पोटरी टणक, रंग निळसर.

उपाय मी केला. मी गावात गंडेदोऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटते. अम्मीनं फुंकून आणलेला धागा मी भांडून सोडायला लावला आणि वीट तापवली. एरंडाचं पान, त्यावर फडकं, त्यावर वीट. शेकलं की कातडी लालबुंद व्हायची. "बघा, रक्त फिरलं," मी म्हणायचे. असे चार दिवस गेले. सूज मांडीपर्यंत चढली, तेव्हा कुठे यवतमाळला आलो.

रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं, शेकल्यावर पाय लाल होत होता, ते चांगलं नव्हतं का?

त्यांनी माझे तळहात एकमेकांवर घासायला लावले. "लाल झाले, ऊन झाले. याला हायपरेमिया म्हणतात. रक्त आणणाऱ्या वाहिन्या रुंदावतात आणि ताजं रक्त जास्त येतं. धावलं, शेकलं, जखम झाली, की असं होतं." मग रिपोर्टांच्या फायलीचं रबर काढून माझ्या बोटाला गुंडाळलं. बोट फुगलं, जांभळं पडलं. "हे कंजेशन. रक्त येतंय, पण परत जायची वाट अडली. साचलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, पाणी मांसात झिरपतं, म्हणून सूज. दोन्हीकडे रक्त जास्तच आहे. पण एकात ते वाहतंय, दुसऱ्यात कोंडलंय."

अब्बा उशीवरून ऐकत होते. "म्हणजे मोटर चालू अन् निचरा बंद. अन् आमची पोट्टी चार दिवस वरून पाणीच सोडून राह्यली होती!"

शेजारच्या खाटेवरचे काकाही हसले. मला मान वर करवेना.

"गाठ विटेनं झाली नाही," बाई म्हणाल्या. "पण चार दिवस वाया गेले."

ते चार दिवस माझे आहेत. धागा अम्मीचा होता म्हणून मी त्याला जाब विचारला. वीट माझी होती, तिला एक प्रश्नही विचारला नाही. विज्ञानाचं नाव घेतलं म्हणून आपलं अज्ञान शहाणं होत नाही.

तुमच्या घरी कुणाचा एकच पाय अचानक सुजला, जड झाला, तर चोळू नका, शेकत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली, छातीत दुखलं, तर क्षणभरही थांबू नका.

सहा दिवसांनी आम्ही घरी आलो. गोळ्या अजून काही महिने आहेत. अब्बा आता खुर्चीवर बसून तार भरतात आणि तासातासाला उठून कडुनिंबापर्यंत फेरी मारतात. गिऱ्हाईक खोळंबलं तरी उठतात.

घरी आलो त्याच दिवशी खाटेची पायथ्याकडची बाजू उंच करायची होती. पाय वर राहिला की रक्ताला परतीचा उतार मिळतो. मी चुलीजवळची वीट उचलून एका खुराखाली सरकवली.

"दोन लागतीन," अब्बा म्हणाले. "दुसरी तुह्या पत्रकांवरची घे."

गठ्ठा उडू नये म्हणून ठेवलेली ती वीट मी घेतली. पंख्याच्या वाऱ्यानं गठ्ठा विस्कटला. मी अब्बांच्या पायावर बोट दाबून सूज पाहत होते. बोटाचा खड्डा आता कमी पडत होता.