परसातला झिरा मी नकाशावर टाकला

सातपुड्याचे नकाशे करणाऱ्या माझ्या मित्रांनो, आपलं दुखणं एकच आहे... मोबाइलवर जिल्हा उघडला की नंदुरबार स्टेशन दिसतं, मिरची मार्केट दिसतं, शहाद्यातली ज्यूस सेंटरंसुद्धा दिसतात. आणि डोंगर सुरू झाला की नुसता हिरवा रंग! जणू तिथे माणसंच राहत नाहीत.

त्या रागातून आपण कामाला लागलो. 'जो नकाशावर नाही, त्याला वाली नाही' हे वाक्य मी किती सभांमधून फेकलं असेल... टाळ्याही घेतल्या. ते वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. पण परवाच्या रविवारपासून ते तोंडातून निघत नाहीये.

तोरणमाळच्या घाटाखाली एक पाडा आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिथे मी दिवसभर मोबाइल घेऊन फिरलो. पायवाटा, घरं, हातपंप, सगळं आपल्या खुल्या नकाशावर टिपलं.

दुपारी जात्रीबाईंच्या (हे त्यांचं खरं नाव नाही) घरी पोचलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. त्यांनी काही न विचारता घरामागच्या झिऱ्यावरून तांब्या भरून आणला. झिरा म्हणजे नाल्याकाठी खणलेला हातभर खड्डा, त्यात झिरपून पाणी साचतं. इतकं गार पाणी मी वर्षभरात प्यालो नव्हतो.

मी भारावलो. घराला ना कुंपण, ना गेट, पायवाट अंगणातून सरळ मागे गेलेली. तिथेच बसून नोंद केली... 'पिण्याचं पाणी, सर्वांसाठी खुलं.' वाटही टाकली, थेट झिऱ्यापर्यंत.

त्यांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही.

रविवारी पुन्हा तिकडे निघालो तो छाती फुगवूनच. जीपवाला शहाद्याचा, आमच्या ओळखीचा. वाटभर अहिराणीत चिडवत होता, "सर, तुम्हना नकाशा मन्हा जीपपेक्षा जोरमा पयी ऱ्हायना! तोरणमाळले जानाऱ्या गाड्या आते त्याच पाड्यावर थांबतस, बाटल्या भरतस." नकाशा जीपपेक्षा जोरात पळतोय म्हणे! मी खूश. म्हटलं, बघ, काम कसं लोकांच्या उपयोगी पडतं!

पोचलो, तर घर ओळखू येईना. ज्या घराला कधी कुंपण नव्हतं, त्याच्याभोवती तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कूड उभा होता. वरून बोरीचे काटे लावलेले...

कुडापलीकडून जात्रीबाईंची मुलगी आली. आश्रमशाळेत शिकते, मराठी चांगलं बोलते. मला पाहून हसली नाही.

"सर, लोक गाडीतून उतरतात आणि सरळ मागे जातात. मी म्हणते, हे आमचं घर आहे. तर मोबाइल दाखवतात. हे बघ, सर्वांसाठी खुलं लिहिलंय, तू कोण अडवणारी?"

मग तिच्याकडूनच कळलं, झिऱ्याजवळच्या दगडावर घरातल्या बायका अंघोळ करतात. पाड्यातलं कोणीही त्या वाटेने आलं तर अलीकडच्या मोहाच्या झाडापाशी थांबतं, हाक मारतं, आणि उत्तर आलं तरच पुढे जातं. हेच त्यांचं गेट. मी वाट टिपली, पण वाटेवर थांबायचं कुठे हे टिपलंच नाही.

एका दुपारी शेतातून येऊन जात्रीबाई अंघोळीला बसल्या होत्या. अचानक समोर तीन अनोळखी पुरुष. हातात बाटल्या, आणि एकाने मोबाइल समोर धरलेला. त्यात काही चित्रित झालं की नाही, कोणालाच माहीत नाही... त्या दिवसापासून ही बाई स्वतःच्या घरी अंघोळ करत नाही. नाला ओलांडून बहिणीच्या घरी जाते. रोज.

आणि तरीही पाणी त्यांनी कोणाला नाकारलं नाही. रस्त्याकडेला हंडा भरून ठेवलाय. तहानलेल्याला नाही म्हणायची त्यांच्यात रीतच नाही, आणि मी शिकलासवरलेला माणूस, त्या रीतीलाच परवानगी समजलो!

तेवढ्यात जात्रीबाई बाहेर आल्या. पावरीत, त्यांच्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या. मुलगी चाचरली, मग म्हणाली, "आई विचारते... तुम्ही तुमचं घर टाकलं का त्याच्यात? तुमची मोरी कुठे आहे ते?"

नाही टाकलं. शहरात माझं घर म्हणजे नकाशावर एक चौकोन आहे, बस. आत काय आहे ते विचारायची कोणाची हिंमत नाही. इथे मात्र मी परसात शिरून खुणा केल्या, कारण मला अडवायला तिथे भिंत नव्हती.

माफी मागितली. मुलीने आईला सांगितलं.

रेंज नव्हती. टेकाडावर चढून झिरा पुसला, वाट पुसली. मुलगी पाठोपाठ वर आली होती. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "म्हणजे आता कोणी येणार नाही ना?"

मला हो म्हणता आलं नाही. कितीतरी लोकांच्या मोबाइलमध्ये जुना नकाशा उतरवलेला आहे. दुसऱ्या अ‍ॅपांनी तो उचललाय, फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर लोकेशन फिरतंय. मी तिला खरं तेच सांगितलं... येतील, अजून बरेच दिवस येतील.

ती मान हलवून खाली गेली आणि कुडाची एक सैल झालेली तुराटी घट्ट बांधू लागली.

मित्रांनो, रस्ते टाका, शाळा टाका, दवाखाने टाका, त्यासाठी मी आजही भांडेन. पण ही पोस्ट बंद केल्यावर लगेच एक करा. कोणाच्या अंगणात, परसात तुम्ही टाकलेली प्रत्येक खूण उघडा, आणि त्या घरच्या बाईला विचारलेलं नसेल तर ती आत्ताच्या आत्ता पुसून टाका.