खलास म्हणेपर्यंत

जगात सर्वांत जास्त राग कोणाचा येतो असं मला विचारलंत, तर मी मेव्हण्याकडे बोट दाखवीन. आठ दिवस राहतो म्हणून हा इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर आला, त्याला आता चार वर्षं झाली. मूळचा दापोलीचा विकेटकीपर. इथे एका पगारी बेसबॉल संघात कॅचर झाला, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. तेव्हापासून त्याला खुर्ची म्हणून सोसत नाही. बसस्टॉपवर उकिडवा, लिफ्टमध्ये उकिडवा, माझे साहेब जेवायला आले तेव्हा सोफ्यापुढेही उकिडवाच. शिवाय आमटी तोंडाने मागायची नाही, कॅचर चेंडू टाकणाऱ्याला खुणावतो तशी गुडघ्याजवळ दोन बोटं दाखवायची. मी तीन हाका मारल्या तरी जिला ऐकू जात नाही ती माझी बायको लगेच डाव घेऊन उठते, आणि संतापाने माझा घास अडकतो.

त्याची कारकीर्द एका झेलाने संपली. फलंदाज तिसऱ्यांदा चुकला, बाद झाला, आणि ह्याने जुन्या सवयीने चेंडू आभाळात उडवून आरोळी ठोकली. बेसबॉलमध्ये गडी बाद झाला तरी खेळ चालूच असतो, हे हा विसरला. तेवढ्यात तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या शेवटच्या टप्प्यावर, थांबलेला गडी धावत आला आणि ह्याच्या नाकासमोर धाव काढून गेला. सामना गेला, पाठोपाठ करारही गेला.

आता तो मुलांचा कोच आहे आणि तो अपमान मुलांकडून वसूल करतो. ‘मी खलास म्हणेपर्यंत कुणी हसायचं नाही’ हा त्याचा नियम. माझी बारा वर्षांची लेक त्याची कॅचर. वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवूनही ती मामाच्या तोंडाकडे बघत राहिली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"पोरीला हसायलाही तुझी परमिशन लागते?"

"भावोजी, मी एकदाच सेलिब्रेट केलं होतं," तो म्हणाला आणि केक कापायला लागला.

गेल्या शनिवारी अंतिम सामना होता. शेवटचा फलंदाज चुकला, चेंडू लेकीच्या ग्लोव्हमध्ये बसला, आम्ही जिंकलो. सगळी मुलं नाचत होती. ही मात्र चेंडू छातीशी धरून रिकाम्या तिसऱ्या बेसवर डोळे रोखून बसलेली.

"अरे, म्हण की आता," मी खेकसलो. मेव्हणाही त्या रिकाम्या बेसकडेच बघत होता.

शेवटी तीच उठून त्याच्यापाशी आली. "मामा, इट्स ओव्हर," असं म्हणत तिने चेंडू त्याच्या हातात ठेवला. "यू थ्रो इट."

त्याने तो उंच उडवला. पण डोळे भरून आल्यामुळे खाली येणारा चेंडू त्याला दिसेना. तो मी झेलला.