बयानाआधीचा चहा

"इसमें तो आप ही ने लिखा है कि ये लोग महाराष्ट्र के हैं," नायब तहसीलदार साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "अब मैं क्या करूं?"

फाइल उघडून बघायची गरज नव्हती. अक्षर माझंच होतं.

मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या एका हलक्याचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, पटवारी आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी तलाठी समजावं. काम तेच, फक्त लिहायचं हिंदीत. आमच्याकडे घरी मराठी, बाजारात मराठी, बांधावरचं भांडणही मराठीत होतं. त्या भांडणाचा पंचनामा मात्र हिंदीत होतो. मी पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, पुढचं सगळं हिंदीत. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात मजूर होते. वसतिगृह मिळालं, स्कॉलरशिप मिळाली, म्हणून मी इथवर आलो. ज्या सरकारी कागदांनी मला उभं केलं, तेच कागद आज माझ्या हातून जातात, याचं मला नेहमी बरं वाटत आलं.

फाइल प्रणालीची होती. बारावी पास झालेली मुलगी. नर्सिंग कॉलेजच्या यादीत राखीव जागेवर तिचं नाव लागलं होतं. जातीचं प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत दाखवलं तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची. तारखेला नऊ दिवस होते. वडील ती लहान असतानाच वारलेले, आणि त्यांनी स्वतःचं प्रमाणपत्र कधी काढलंच नव्हतं. आई कापूस वेचायला जाते. अर्जावर मोठं माणूस म्हणून आजोबांचं नाव होतं, नामदेवकाका.

हे प्रमाणपत्र मिळायला एक गोष्ट दाखवावी लागते. १९५० साली तुमचं कुटुंब याच राज्यात राहत होतं. त्या साली आज महाराष्ट्रात असलेलं नरखेड आणि आमच्याकडचं सौंसर एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूर होती. हद्द मधून गेली ती नंतर. पण बघताना आजचीच हद्द बघतात. जुना कागद नसेल तर पटवारी गावात जाऊन म्हाताऱ्या माणसाचं बयान घेतो. बयान म्हणजे शपथेवर सांगितलेली हकीकत. ती सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहायची, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

माझ्या स्वतःच्या प्रमाणपत्राचं काम एका जुन्या खसऱ्यावर भागलं होतं. शेताच्या त्या नोंदवहीत माझ्या पणजोबांचं नाव एका ओळीत होतं. नामदेवकाकांकडे तशी एक ओळही नव्हती. त्यांचे वडील इथल्याच मॅंगनीजच्या खाणीत मजूर होते. खाण केव्हाच बंद पडली आणि तिचे हजेरीचे कागदही गेले.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा काका धुतलेला पांढरा शर्ट घालून बसले होते. अंगणात सडा टाकलेला. शेजाऱ्यांकडून माझ्यासाठी खुर्ची आणली होती. प्रणालीच्या आईने चहा ठेवला. चहा येईपर्यंत मी सहज विचारलं, "काका, तुमी कोन्या गावचे?"

आमच्याकडे नवा माणूस भेटला की नावाच्या आधी गाव विचारतात. आणि उत्तरात कोणी राहतं गाव सांगत नाही. चार पिढ्या इथे गेल्या तरी आजा-पणजा जिथून उठून आले, नरखेड, काटोल, वरुडकडचं, तेच गाव सांगतात. तिथे घर नसतं, शेत नसतं. मीही आमच्या गावाचं नाव असंच सांगतो. त्या गावी मी एकदाच गेलो आहे, एका लग्नाला, तेही रस्ता विचारत विचारत.

"पिंपळदऱ्याचे," काका म्हणाले. "नरखेडकडचे आमी."

माझ्या आजीचं माहेर त्याच्याच शेजारचं. एवढं कळल्यावर म्हातारा खुलला. मी साहेब होतो तो नातू झालो. दोन चहा झाले. प्रणालीला हाक मारून त्यांनी सांगितलं, हे आपलेच निघाले. तिने हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर काम झाल्याची खात्री दिसली. तो चेहरा मला अजून आठवतो.

मग मी कागद काढला.

"लिहा," काका म्हणाले. "पयले गाव लिहा. बिनागावचा मानूस कसा राहीन?"

मी लिहिलं. 'हमारा गांव पिंपळदरा, तहसील नरखेड.' पुढे सगळं बरोबर लिहिलं. वडील त्यांच्या जन्माआधीच खाणीवर आले, काकांचा जन्म १९५०च्या आधी खाणीच्या चाळीतला, तेव्हापासून इथेच. वाचून दाखवलं. त्यांनी सावकाश पूर्ण सही केली. पहिली ओळ लिहिताना माझ्या मनात शंका आली नाही. उलट बरं वाटलं होतं. आपला माणूस आपलं गाव सांगत होता आणि मी ते लिहून घेत होतो.

साहेबांनी तीच ओळ पेन्सिलने अधोरेखित केली होती.

ते ग्वाल्हेरकडचे. माणूस वाईट नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, गाव म्हणजे इथे काय असतं तेही. त्यांनी ऐकून घेतलं.

"आप लोग भी कमाल हैं," ते म्हणाले. "रहते यहां हैं, गांव वहां का बताते हैं. भावना ठीक है, पर फाइल में मैं भावना कहां लगाऊं?"

एक मार्ग त्यांनीच सुचवला. म्हाताऱ्याला समोर आणा, नवं बयान होऊ द्या, मग बघू.

मधल्या काळात प्रणाली आणि तिची आई बसने नरखेडला जाऊन आल्या. गाव तिकडचं धरलं असेल तर तिकडून तरी कागद मिळेल, असं त्यांना वाटलं. तिथल्या जुन्या दप्तरात घराण्याचं नावच नव्हतं. सगळे आधीच उठून आलेले, नाव राहणार कसं? वर तिथला बाबू म्हणाला, तुम्ही तर मध्य प्रदेशचे, इथे कशाला आलात? प्रणालीने मला हे शांतपणे सांगितलं. एक दिवस गेला एवढंच तिला वाईट वाटत होतं.

मी पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी चहा घेतला नाही. पिंपळदऱ्याशी आमचा काही संबंध नाही, असं सांगावं लागेल, म्हणालो.

"म्हंजे आमचं गाव ते नोहे, असं म्हनू?"

"फक्त साहेबासमोर, काका."

"साहेबासमोर म्हनलं का ते पक्कं होते, भाऊ. म्हनून तं तुमी साहेबासमोर म्हनाले लावता."

प्रणाली दारात उभी होती. "राहू द्या आबा," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन तोच पांढरा शर्ट घालून आले.

ऑफिसात त्यांना खुर्ची दिली नाही, कारण खुर्च्या भरलेल्या होत्या. साहेबांनी हिंदीत विचारलं, त्यांनी हिंदीत उत्तर दिलं.

"वो गांव हमारा नहीं है, साहब. हमको उसका कुछ मालूम नहीं."

"तो पहले क्यों लिखवाया?"

"बुढ़ापा है साहब. कुछ का कुछ बोल जाता हूं."

त्या माणसाची बुद्धी लख्ख होती. माझ्या आजीच्या माहेरातली घरं, त्यांच्या वडिलांनी सांगितलेली, त्यांनी मला ओळीने मोजून दाखवली होती. हे खोटं ते माझ्यासमोर बोलले, आणि मीच ते लिहून घेतलं.

साहेबांनी दोन्ही बयानं शेजारी शेजारी ठेवली. मग विचारलं, "बाबा, झूठ तब बोले थे या अब बोल रहे हो?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी कागदाकडे बघत राहिलो. तेव्हा ते खरं बोलले होते, साहेब, चूक माझ्या विचारण्यात होती, एवढं वाक्य मी बोलू शकलो असतो. हिंदी माझी तेवढी नक्कीच चांगली आहे. पण मी बोललो नाही. नोकरीत खोटं बयान लिहून घेतल्याची चौकशी लागते, हे त्या वेळी माझ्या डोक्यात होतं.

अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीत होतं, शपथेवरची दोन परस्परविरोधी बयानं. अपील करता येईल, असंही लिहिलं होतं.

असा आदेश घरी नेऊन देणं आणि मिळाल्याची सही घेणं याला तामील म्हणतात. तेही पटवारीच करतो. मी गेलो. प्रणालीने आदेश उभ्यानेच वाचला, सही केली आणि विचारलं, "सर, अपीलले किती दिवस लागते?" मी म्हणालो, महिने. तारखेला दोन दिवस राहिले होते. ती "बरं" म्हणाली आणि माझा पेन परत दिला.

जागा गेली. अपील अजून चालू आहे. प्रणाली पांढुर्ण्याला संत्र्याच्या पॅकिंगवर जाते, लहान-मोठं फळ वेगळं करते. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार का, हे मी तिला विचारलेलं नाही. भरला तरी लागणारं प्रमाणपत्र तेच आहे.

मागे सौंसरच्या बस स्टँडवर नामदेवकाका दिसले. बाकावर शेजारी कोणी पाहुणा माणूस होता. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, बाबा, तुमी कोन्या गावचे? काकांना मी समोर उभा दिसलो होतो.

"कोन्याच नाई," ते म्हणाले, आणि बस कुठे लागते ते बघायला उठून गेले.

मी अजून बयानं लिहितो. मराठीत ऐकतो, हिंदीत उतरवतो. सांगणाऱ्याने गाव सांगायला सुरुवात केली की लेखणी खाली ठेवतो आणि आधी विचारतो, राहता कुठे, केव्हापासून. लोकांना ते उद्धट वाटतं. त्यांनी चहा पुढे केला तर बयानावर सही झाल्यावर घेतो. तोवर तो गार झालेला असतो.