म्हशाच्या जत्रेतलं हरवलेलं मूल

सतीशला जाऊन तिसरं वर्ष लागलं, तेव्हा वंदना पहिल्यांदा खाकी घालून म्हशाच्या जत्रेत बंदोबस्ताला उभी राहिली.

ही ड्युटी एके काळी तिच्या नवऱ्याची होती. हवालदार सतीश दरवर्षी हरवलेल्या मुलांच्या मांडवात बसायचा. खांद्यावर एखादं रडकं पोर घेऊन माईकवर सांगायचा, "पोरगं इथं मजेत हाय. आई हरवलीय. कुणाला दिसली तर घेऊन या." माणसं हसायची आणि पोर रडायचं विसरायचं.

तो गेला श्रावणात. वैशाखरे गावाच्या पुढे घाटात दरड पडली होती आणि धुक्यात हातभर पुढचं दिसत नव्हतं. लाल बॅटरी हलवत सतीश वळणावर उभा राहिला. माणसांनी भरलेली एसटी त्यानं थांबवली. दुसऱ्या बाजूनं घसरत आलेला ट्रक मात्र त्याला चुकवता आला नाही. एसटीतली सगळी माणसं घरी पोचली.

शहापूरकडच्या त्यांच्या गावात सलामीच्या बंदुका झाडल्या, तेव्हा भातातले बगळे उठले. त्या दिवसातलं वंदनाला एवढंच लख्ख आठवतं. ते पांढरे पक्षी कितीतरी वेळ वरच फिरत राहिले होते, जणू खाली उतरायची जागाच त्यांना आठवत नव्हती.

पुढे अनुकंपेवर नोकरीचं निघालं. सासू चिमाबाई आधी नायच म्हणाली. "एक दिला ना मी? आता तुला कशी धाडू?" वंदनानं वाद घातला नाही. ट्रेनिंगला निघायच्या सकाळी ती उठली, तर चिमाबाई चुलीपाशी बसून सतीशच्या पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेनं घासत होती. "काळं पडलं होतं," एवढंच बोलली.

आणि आता समोर जत्रा होती. बैलबाजाराची धूळ उन्हं उतरताना सोनेरी झाली होती आणि तिच्यात घुंगरांचे आवाज तरंगत होते. घोंगड्यांच्या दुकानांपलीकडे वंदनाला एक पाठ दिसली. टोपी काखेत, मान थोडी डावीकडे कललेली. सतीशच. तो सावकाश बैलांमधून चालत होता. ती दचकली नाही, तिनं हाकही मारली नाही. धूळ खाली बसली आणि तिथं कुणी नव्हतं.

"तू कोनाला बघते?" मांडवातल्या बाकावरच्या चिमुरडीनं विचारलं. दामिनी तिचं नाव. पाळण्यापाशी एकटी सापडली होती.

"आमच्या माणसाला."

"हरवला?"

"नाय गो. इथंच हाय."

वंदनानं माईक हातात घेतला. दामिनीनं तिची बाही ओढली. मग वंदना बोलली, तिच्या स्वतःच्या साध्या शब्दांत. पोरीचं नाव, निळा फ्रॉक, मांडव कुठं आहे ते. थोड्याच वेळात एक बाई चपला हातात घेऊन धावत आली. तिनं पोरीला आधी धपाटा घातला, मग छातीशी धरून भोकाड पसरलं.

त्या दोघी गेल्यावर वंदनानं घरी फोन लावला.

"किती पोरं हरवली गो?" चिमाबाईनं विचारलं.

"एकच. गावली, आई."

चिमाबाई हळू म्हणाली, "सतीश पन हरवलेला तिथं. इवलासा होता. बाजार पालथा घातला आमी. शेवटी बघतो तर एका बसलेल्या बैलाच्या पोटाला टेकून झोपलेला. बैल हलला पन नाय."

"तुमी कधी सांगितलं नाय."

"त्यालापन नाय सांगितलं. मलाच आठवलं की भ्या वाटायचं. आज नाय वाटलं."

वंदना खांबाला टेकली. "कसला बैल होता, आई?"

"पांढरा. शिंगांना लाल हिंगूळ लावलेला," चिमाबाई म्हणाली आणि सांगतच राहिली.