बेचाळीस नंबरचं पायदान

माझे बाबा, फकिरा पेंटर, पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडून भिलाईला आले. काम खऱ्या वॅगनींवर नंबर टाकण्याचं. साठ साली नागपूरकडच्या एका साहेबांनी त्यांना कारखान्याचं लाकडी मॉडेल दाखवलं. त्यातल्या वीतभर वॅगनी अगदी लालचुटुक. साहेब म्हणाले, ही खेळणी वाटतात, यांना वापरलेलं रूप दे.

बाबा भलते हटवादी. दुपारच्या सुट्टीत यार्डात जाऊन एकेक वॅगन निरखायचे आणि तिच्यावर असेल तेवढंच मॉडेलवर उतरवायचे. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर खडे मीठ, वरून लाल. वाळल्यावर मीठ खरवडलं की खालचा गंज डागाडागांनी उघडा पडे. घरातलं मीठ संपलं की आई त्यांचा उद्धार करायची.

बेचाळीस नंबरची वॅगन तेवढी खाणीकडे गेली होती आणि साहेबांना घाई. मग बाबांनी पहिल्यांदाच न बघता, मनाने रंगवलं. डाव्या पायदानाच्या सांध्यावर गंजाचा डाग काढला, त्याखाली ओघळ.

चार दिवसांनी ती वॅगन परत आली. तिच्या डाव्या पायदानावर तोच डाग होता. ओघळाचे फाटे बाबांनी मोजले, तीन. मॉडेलवरही तीनच. आणि त्या पायदानावर लटकून चिंधूमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, वॅगनी जोडण्या-सोडण्याचं शंटिंग करत होता.

मामाला सांगितलं तर तो हसला. फिटरने हातोडा मारून बघितला, पायदान मजबूत होतं. बाबांनी मॉडेलवरचा डाग खरवडून नवा रंग दिला. सकाळी डाग परत वर आलेला, थोडा मोठा. यार्डातलाही तेवढाच वाढलेला. असं तीनदा झालं. बाबांचं अन्न तुटलं. भावाचं काही बरंवाईट झालं तर बायकोला तोंड कसं दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात.

शेवटी त्यांनी मामाला डबा खायला मॉडेलच्या खोलीत बोलावलं. एका हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्याने मॉडेलचं पायदान मोडलं.

"कावून तोडलं, भाऊजी?"

बाबांनी डबा त्याच्यापुढे सरकवला. थोड्या वेळाने यार्डातून माणूस सांगत आला, उभ्या वॅगनचं पायदान आपोआप गळून पडलं. मामाचा घास हातातच राहिला. त्यानंतर तो या गोष्टीला कधी हसला नाही.

खऱ्या वॅगनला नवं पायदान लागलं, तसं बाबांनी मॉडेललाही बसवलं, कोऱ्या लाल रंगाचं. साहेब म्हणाले, हेच एक नवं दिसतं, जुनं कर. साहेबांसमोर मान वर न करणारे बाबा म्हणाले, "नाही साहेब. त्याच्यावर माह्या बायकोचा भाऊ उभा रायते."

पुढे सात वर्षं रोज सकाळी ते मॉडेलच्या त्या पायदानावरून एक पांढरं फडकं फिरवत. एवढ्याचसाठी ठेवलेलं. लोक टिंगल करत; खरं सांगते, मलाही लाज वाटायची. फडकं घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, धुवायला कधी दिलं नाही.

सदुसष्ट साली मामाची यार्डातून स्टोअरमध्ये बदली झाली. तो पेढे घेऊन आला, तेव्हा बाबांनी डबा आईपुढे ठेवला. "रंभा, आता धू."

आईने फडकं बादलीत बुडवलं. पाणी गंजासारखं लाल झालं. तिने पाणी बदललं, तेही लाल. तिसरंही. मग तिने हात बाहेर काढले आणि समोर पेढा खात बसलेल्या भावाकडे बघत राहिली.